नारळ फोडलेली मोटार

११ नोव्हेंबर १९६१, दारव्हा

अत्यंत जड अंतःकरणाने नोंदवते की या स्वतंत्र, प्रजासत्ताक आणि पंचवार्षिक देशात किसनरावांच्या टांग्याच्या गादीतला खिळा अजून वर आहे तो आहेच. दोन पंचवार्षिक योजना झाल्या, धरणं झाली, खिळा राहिला. माझी तीन पातळं त्याने फाडली. किसनरावांना म्हटलं, "अहो, एक हातोडी मारा." तर म्हणाले, "बाई, तो खिळा काढला त गादीच निघते." म्हणजे गादी खिळ्याच्या आधारावर, आणि तालुक्यातली एकुलती एक बाळंतपणाची डॉक्टरीण गादीच्या आधारावर.

पण आता थोडेच दिवस. नागपूरहून कार्ड आलं की तुमची मोटार आली. तीन वर्षांपूर्वी नाव नोंदवलं होतं. ह्यांच्या विम्याचे पैसे होते, वर माझ्या पाटल्या गेल्या. पाटल्या नाही तरी मी कुठे घालत होते?

बोरी अरबच्या तुळसाबाईला आज तपासलं. पौषात मोकळी होईल. आधीची दोन्ही मुलं आडवी आली आणि गेली. दोन्ही वेळा मी टांग्यात होते. "दवाखान्यात येऊन राहा," म्हटलं तर नवरा उकंडा म्हणाला, "बाई, वेचणी चालू हाये. घरी कोण पाहीन?" तेव्हा मी जरा ऐटीतच म्हटलं, "निरोप पाठव. मोटार येते आहे. तासाभरात तुझ्या दारात."

तुळसाबाईनं फक्त मान हलवली, आणि ती मान मला दिवसभर दिसते आहे.

१९ नोव्हेंबर

आली! काळी, चकचकीत, अंगात नव्या बुटासारखा वास. नागपूरच्या दुकानाचा मॅनेजर स्वतः पोचवायला आला. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "मी अवेळी बाळंतपणाला जाते. वाटेत थांबणारी गाडी मला नको." तो हात जोडून म्हणाला, "बाई, घड्याळ थांबेल, ही नाही."

मला वाटलं, आधी एक फेरी मारून बघावी. पण चंद्रशेखर भाऊजींनी हात आडवा घातला. "वहिनी, पूजेआधी चाक फिरवायचं नसतं. मुहूर्त टळतो आहे." भाऊजी म्हणजे ह्यांचे शाळासोबती, इथल्या कोर्टातले वकील. हे जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या सहीचा प्रत्येक कागद आधी भाऊजींच्या चष्म्याखालून जातो. म्हटलं, असेल बाई मुहूर्त.

माझ्या हातचं कुंकू मोटारीलाही चालत नाही असं गल्लीचं मत पडलं, म्हणून भाऊजींच्या बायकोनं, शीलानं, बॉनेटवर हळदीकुंकू लावलं, स्वस्तिक काढलं. चाकांखाली लिंबं. नारळ भाऊजींनी फोडला, एका दणक्यात. मॅनेजर इतक्या भक्तिभावाने उभा होता की मला वाटलं, गाडीचं नव्हे, त्याचंच लग्न लागतं आहे. पेढा त्यानं दोनदा घेतला.

स्वयंपाकाच्या कांताबाईनं गाडीची दृष्ट काढली आणि मला म्हणाली, "आता हे तुमची झाली बाई. हळदीकुंकू लागलेली वस्तू परत जात नाई."

४ डिसेंबर

घड्याळ चालू आहे. गाडी थांबली.

दिग्रसच्या रस्त्यावर भर दुपारी तोंडातून वाफ सोडायला लागली. ड्रायव्हर गोविंदा फौजेत ट्रक चालवून आलेला माणूस, पण तोही गांगरला. "बाई, पानी पेऊन राह्यली हे. सकाळी भरलं, आता एक थेंब नाई. खाली सांडत बी नाई. जाते कोठी?"

मी खाली बसून पाहिलं. रोगी भरपूर पाणी पितो, घाम नाही, लघवी नाही. आमच्या शास्त्रात याचा अर्थ, आत कुठेतरी मुरतं आहे. पण मोटारीची नाडी कुठे असते ते मला शिकवलेलं नाही.

गाडी ट्रकला बांधून नागपूरला गेली. मी टांग्यात. खिळा भेटला.

२२ डिसेंबर

गाडी परत आली. दुकानाचा ड्रायव्हर म्हणाला, "एक वायसर खराब होतं, बदललं." एवढ्या मोठ्या देहाचा आजार एका वायसरात! आमच्याकडे असं निदान करणाऱ्याला वैद्यकीत पास करत नाहीत.

कांताबाई नारळ घेऊन तयारच. म्हटलं, "अगं, मागेच फोडला ना?" तर म्हणते, "तो येण्याचा. हा बरी होऊन येण्याचा. माहेरून आलेल्या लेकीले ओवाळत नाई काय?" फोडू दिला. दुकानाच्या ड्रायव्हरनं खोबऱ्याची अर्धी वाटी खिशात घातली.

३० डिसेंबर

पुन्हा तेच. या वेळी दारव्ह्यातल्या बाजारातच, म्हणजे प्रेक्षकांची वानवा नव्हती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "डॉक्टरीणबाई, मोटारीले दिवस गेले काय?"

घरी आले ती ठरवूनच. भाऊजी चहाला आले होते. म्हटलं, "मी आजच नागपूरला लिहिते. ही गाडी मला नको. दुसरी द्या, नाहीतर पैसे परत करा."

भाऊजींनी कप खाली ठेवला. "वहिनी, असं लेखी काही पाठवू नका."

"का? दुकानदारानं कुजकी वांगी दिली तर मी परत नाही करत?"

"वांगी वेगळी. हा मोठा मामला आहे. लिहिलं की समोरचा बिथरतो, अडून बसतो. मला नागपूरला जायचंच आहे, मी तोंडी बोलतो. दुरुस्त करून घेऊ. माझ्यावर सोडा."

सोडलं. सहा वर्षं सोडतेच आहे. देवानं मला नवरा थोडे दिवस दिला, पण त्याचा मित्र टिकाऊ दिला, असं मी परवाच शीलाला म्हणाले. ती लाजली.

१४ जानेवारी १९६२

संक्रांत. गाडी पुन्हा दुरुस्त होऊन आली. आता म्हणे पाण्याचा पंपच नवा टाकला. कांताबाईचा नारळ झाला, ड्रायव्हरची अर्धी वाटी झाली. या मोटारीपायी तालुक्यात नारळाचा भाव वाढणार.

भाऊजी माझ्या कामासाठी पंधरा दिवसांत दोनदा नागपूरला जाऊन आले. दुकानाच्या मालकानं त्यांना घरी जेवायला ठेवून घेतलं, आग्रह करकरून पुरणपोळी वाढली. "माणूस वाईट नाही हो," भाऊजी म्हणाले. "आपल्याला धीर धरायला हवा." मी त्यांना तिळगूळ देताना म्हटलं, "तुम्ही आहात म्हणून गोड बोलते आहे, नाहीतर माझी जीभ कशी आहे ते तुम्हाला ठाऊक."

ते हसले. पण चटकन उठून गेले. कामाचा माणूस.

२७ जानेवारी

पहाटे उकंडाचा भाऊ सायकलवर आला. तुळसाबाईला कळा सुरू. चहाही न घेता निघालो. गोविंदानं पाणी भरलं, वर दोन डबे सोबत घेतले.

अडाण नदीच्या अलीकडे गाडी बसली. दोन्ही डबे पाजले, ते पिऊन पुन्हा बसली. गोविंदा तिला लाथ मारत होता. मी बॅग घेऊन चालायला लागले. मागून कापसाची बैलबंडी आली, तिच्यात पोत्यांवर बसून बोरीत शिरले.

मुलगा होता. पुरता भरलेला, डोक्यावर जावळ. दाई रुपीबाईनं जेवढं करता येईल तेवढं केलं होतं. तुळसाबाई वाचली. मी हात धुतले.

उकंडा दाराशी बसला होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बाई, गाडी त नवी होती ना?"

"होती."

"मंग?"

२८ जानेवारी

आज काही लिहीत नाही.

६ फेब्रुवारी

अष्टग्रही आली आणि गेली. जगबुडी झाली नाही. कांताबाई म्हणते, आठही ग्रह आपल्या मोटारीवर बसले होते, म्हणून जग वाचलं.

मी गाडी नागपूरला न पाठवता यवतमाळच्या एका कारखान्यात उघडायला लावली आणि स्वतः समोर स्टूल टाकून बसले. इंजिनाच्या अंगाला आतून भेग. बोटभर लांब. जन्मजात. आणि तिच्यावर कसलासा मसाला भरून रंग मारलेला. म्हणजे विकण्याआधीच कोणाला तरी ठाऊक होतं. पेढा दोनदा घेणाऱ्याला ठाऊक असेल का? वायसर आणि पंप बदलणाऱ्यांना तरी नक्कीच.

तडक भाऊजींकडे गेले. "आता नोटीस द्या. आजच. गाडी परत घ्या म्हणावं."

भाऊजी म्हणाले, "वहिनी, देऊच. पण निवडणूक तोंडावर आहे, सगळे गडबडीत. शिवाय इंजिनच उघडलंत, तेही मला न विचारता. मार्चमध्ये शांतपणे बघू." माझ्या बोटांना काळं तेल लागलं होतं. शीलानं साबण आणून दिला. भाऊजी माझ्या बोटांकडे पाहत होते, तोंडाकडे नाही. वाईट वाटलं असेल त्यांना. तुळसाबाईचं मीच त्यांना सांगितलं होतं.

१९ मार्च

आनंदाची बातमी, नोंदवायलाच हवी: भाऊजींची मोटार आली! माझ्यासारखीच, रंग तेवढा करडा. त्यांनी नाव माझ्यानंतर दोन वर्षांनी नोंदवलं होतं, पण कोणाची तरी ऑर्डर रद्द झाली म्हणे. नशीब लागतं. मी हार घेऊन गेले.

तिथे मजेशीर प्रकार. शीला हळदीकुंकवाचं ताट घेऊन नटून उभी, मुलं नारळ घेऊन उभी, आणि भाऊजी म्हणतात, "काही लावायचं नाही. पंधरा दिवस गाडी चालवून बघू, मग." शीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, सवाष्णीच्या हातचं ताट परत पाठवता?" तर म्हणाले, "ताट राहू दे फडताळात. दुकानाला मी चिठ्ठी दिली आहे, तपासून पसंत पडली तरच घेतली समजा."

मी शीलाची समजूत काढली. म्हटलं, "पुरुषांना सुधारणा पन्नाशीत सुचते, आणि ती नेमकी बायकोच्या हौसेपासून सुरू होते." हार मी तिच्याच गळ्यात घातला.

३ एप्रिल

भाऊजींच्या गाडीला कुंकू लागलं. उत्तम चालते. त्यांनी मला यवतमाळपर्यंत फिरवून आणलं. एकदाही थांबली नाही. मी सगळा वेळ पाण्याच्या काट्याकडे बघत होते, आणि भाऊजी म्हणाले, "वहिनी, सवय सोडा."

८ जुलै

एकदाची नोटीस गेली, दावा लागला. गाडी परत घेऊन पैसे द्यावेत, ही मुख्य मागणी. भाऊजीच माझे वकील. दुकानातर्फे यवतमाळचे भगवानराव. भाऊजी म्हणतात, ते फार कसलेले आहेत, आशा बेताची ठेवा. डॉक्टरनं नातेवाइकांना असं सांगितलं की आम्ही समजतो, त्यानं रोग्याकडे बघणं सोडलं. पण भाऊजी तसे नाहीत.

गाडी अंगणात उभी. कांताबाई तिच्यावर पापड वाळवते. काळा रंग असल्यानं लवकर वाळतात, हा एक गुण मान्य करायला हवा.

१२ मार्च १९६३, यवतमाळ

आज माझी उलटतपासणी. रात्री धर्मशाळेत बसून लिहिते आहे, कारण झोप येणार नाही.

भगवानराव ठेंगणे, गोड बोलणारे. मला वाटलं, इंजिन, भेग, मसाला यावर लढाई होईल. मी तयारीत होते. ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, भेग होती हे आम्ही नाकारतच नाही. मला एवढंच सांगा, गाडी आली त्या दिवशी नारळ फोडला का?"

"फोडला."

"हळदीकुंकू? हार? पेढे?"

"सगळं. तुमचा मॅनेजर दोन पेढे खाऊन गेला."

कोर्ट हसलं. मलाही जरा बरं वाटलं.

"आणि दुरुस्त होऊन आली तेव्हा?"

"पुन्हा एक."

"त्यानंतर?"

"पुन्हा." दुकानाचा ड्रायव्हर मागे बसला होता. खोबऱ्याचा साक्षीदार.

"फेब्रुवारीपर्यंत, किंबहुना जुलैपर्यंत, 'गाडी नको, परत न्या' असं तुम्ही एका ओळीनं तरी दुकानाला कळवलंत?"

"नाही."

मग त्यांनी न्यायाधीशांकडे वळून समजावून सांगितलं, इतक्या सोप्या भाषेत की मलाही समजलं. माल खराब निघाला तर घेणाऱ्याला तो परत करता येतो, कायदा त्याच्या बाजूनं आहे. पण घेणाऱ्यानं तो स्वीकारलेला नसावा. मालकासारखा वापरला, मिरवला, आणि वाजवी मुदतीत 'नको' म्हणून कळवलं नाही, की स्वीकारला. मग वस्तू परत देता येत नाही. मागायची ती फक्त भरपाई. "यांनी तर," भगवानराव म्हणाले, "तीन-तीनदा वाजत-गाजत स्वीकारली आहे. आमच्या भागात याहून पक्की पावती नाही."

कांताबाईनं हेच सांगितलं होतं की. आणि तिनं फुकट सांगितलं होतं.

शेवटी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पहिला नारळ कोणी फोडला?"

मी म्हटलं, "माझ्या वकिलांनी."

कोर्टात जो हशा उठला, त्यात न्यायाधीशही होते. मी हसणाऱ्यांकडे पाहिलं नाही. मी भाऊजींकडे पाहत होते. ते कागद लावत होते, लावलेलेच कागद पुन्हा लावत होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर शीला आली. नटलेली, ताट घेऊन.

व्हरांड्यात गाठलं. "भाऊजी, शीलाचं ताट पंधरा दिवस फडताळात का होतं?"

"ते... वकिली सवय, वहिनी."

"मग माझ्या वेळी ती सवय कुठे गेली होती?"

"तुमच्या वेळी मुहूर्त होता."

"आणि डिसेंबरात? लेखी पाठवू नका म्हणालात तेव्हा? फेब्रुवारीत?"

ते इकडेतिकडे पाहायला लागले. "पहिल्या दिवशी माझ्या मनात काही नव्हतं हो. शपथ घेतो. पुढे... त्यांनी माझ्या गाडीचा नंबर वर घ्यायचं बोलणं काढलं. मी तुमचं वाईट चिंतलं नाही, फक्त थोडं लांबवलं. तुम्हाला भरपाई मिळेलच की."

"पुरणपोळी चांगली होती?"

खाली त्यांची करडी गाडी उभी होती. "चला, घरी सोडतो," म्हणाले. सवयीनं म्हणाले असावेत. मी धर्मशाळेचा रस्ता धरला.

२ एप्रिल

निकाल. गाडी माझी, ती माझ्याकडेच राहणार. नव्या इंजिनाचे पैसे आणि थोडा खर्च दुकानानं द्यावा. न्यायाधीश सज्जन आहेत. त्यांनी निकालात लिहिलं की वादीनं वेळेवर योग्य सल्ला घेतला असता तर परिणाम वेगळा झाला असता. वाचून दाखवताना भाऊजींचा आवाज अजिबात हलला नाही. वकील चांगले आहेत.

शीला संध्याकाळी येऊन गेली. "ताई, मला खरंच ठाऊक नव्हतं," म्हणाली. मी म्हटलं, "तुला ठाऊक असतं तर तू रडली नसतीस." तिला चहा दिला. तिच्याशी माझं भांडण नाही. पण दाराशी पोचवताना माझ्या लक्षात आलं की यापुढे आम्ही दोघी पापडांवरच बोलणार.

५ एप्रिल

उकंडा आला. तुळसाबाईला पुन्हा दिवस आहेत. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "बाई, तुम्ही नका येऊ. मोटारीचं काही खरं नाई. या खेपी मीच बंडीत घालून तिले महिनाभर आधी तुमच्याकडं आणून ठेवतो. भाकरी आमची, जागा तुमची."

"आणि वेचणी?"

"कापूस बोंडात थांबते, बाई. पोरगं नाई थांबत."

मी दवाखान्यामागची खोली उघडून कांताबाईला झाडायला लावली. तिनं खाट टाकली, कोपऱ्यात माठ ठेवला. दीड वर्ष मी माणसांना नवी मोटार दाखवत होते. खोली तेव्हाही रिकामीच होती.

९ एप्रिल

भाऊजींनी माझ्याकडून कधी फी घेतली नाही. ह्यांच्या मृत्यूनंतरचे कागद, घराचा वाटा, हा दावा, कशाचीही नाही. "घरच्या माणसाकडून कसली फी," असं म्हणत. आज एका दुसऱ्या वकिलांना विचारून अशा दाव्याची रीतसर फी किती होते ते काढलं आणि पोस्टात जाऊन मनिऑर्डर केली.

पोस्टमास्तर पत्ता वाचून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, वकीलसाहेब तर तुमच्या घरामागंच राहतात. उगा कमिशन कशाला भरता? हातातच द्या ना."

"हातात घेणार नाहीत ते."

"खाली मजकुराला जागा आहे. काही लिहायचं?"

मी पेन घेतलं. पुष्कळ सुचलं, आणि सगळं धारदार होतं. मग जागा कोरीच ठेवून फॉर्म पुढे सरकवला, आणि त्यांनी शिक्का मारीपर्यंत काउंटरशी उभी राहिले.